हत्तीच्या पोटाखाली

रविवारी सगळ्यांना आईच्या घरी जमवायची कल्पना दादाचीच होती, त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर फोडायला त्याला दुसरं डोकं सापडेना.

"आईशी एकदा शांतपणे बोलू," असं त्याने ठकीला फोनवर सांगितलं होतं. ठकी त्याची धाकटी बहीण. शांतपणे म्हणजे काय, ते दोघांनाही कळत होतं. त्यांचे वडील, अप्पा, गेल्यावर काही महिन्यांनी आईने गाडी घेऊन गावभर हिंडायचा जो सपाटा लावला होता, तो आता थांबवायचा. त्यातून आईने परवा जाहीर केलं, की ती आणि आत्या दोघी मिळून गाडीने समुद्राकाठी जाणार, आत्याच्या जुन्या मैत्रिणीकडे, आणि थंडी सरेपर्यंत तिथेच राहणार. मधे दोन घाट. दोघी सत्तरी ओलांडलेल्या. गाडीचं वय तर विचारायचीच सोय नव्हती, कारण अप्पांनी ती घेतली तेव्हाच ती जुनी होती.

दादा विमा कंपनीत होता. अपघात झालेल्या गाड्या तपासायच्या, कुठे काय चेपलं, काय तुटलं याचे फोटो काढायचे, हे त्याचं काम. सकाळी चहा पिऊन बाहेर पडायचं आणि दिवसभर चुरडलेली बॉनेटं बघायची. अशा माणसाला धडधाकट गाडी दिसली, तरी त्याच्या मनात ती आधी उलटी पडते आणि मग सरळ होते. आई स्टिअरिंगमागे बसली की दादाला तेच चित्र दिसे. पण ते सांगायचं कसं? म्हणून त्याने आवाजाचा आधार घेतला.

आवाज होता, हे नाकारायला जागाच नव्हती. गाडीला घरात सगळे 'हत्ती' म्हणत, आणि गेलं वर्षभर हत्ती कण्हत होता. खड्ड्यात गेला की 'ठक्'. वळणावर लांबलचक 'कुईंऽऽ'. ब्रेक लावला की पोटातून 'धप्प', जणू आत कुणीतरी कूस बदलली. एका गॅरेजवाल्याने शॉकअब्सॉर्बर बदलले. दुसऱ्याने स्प्रिंगच्या पट्ट्यांना ग्रीस फासलं. तिसऱ्याने बराच वेळ डोळे मिटून ऐकलं आणि 'रेडिओ जरा मोठा लावत जा' असा सल्ला दिला.

"अशी गाडी घेऊन घाटात जायचं?" चहाचे कप रिकामे होताच दादाने तोंड उघडलं. "आई, त्या आवाजाचा अर्थ काहीतरी मोडायला आलंय."

"मग काय मोडलंय ते सांग," आई म्हणाली.

"तेच तर कुणाला सापडत नाही ना!"

"दादाचं बरोबर आहे," ठकीने ठरल्याप्रमाणे री ओढली. ती सांधेदुखीच्या लोकांना व्यायाम शिकवायची आणि समोरच्याला न दुखवता वाकवायची तिला सवय होती. "आई, बसने जा ना दोघी. सुखरूप."

"बस आम्हाला पाहिजे तिथे थांबत नाही," आत्या म्हणाली. ती आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये काम करून निवृत्त झालेली. लोकांचं बोलणं मधेच तोडायचा सराव तिला तिथेच झाला असावा. "आणि आमच्या वयात पाहिजे तिथे थांबायला मिळणं हीच चैन आहे. काय ते समजून घे."

आईने कप बशीत ठेवला. "म्हणजे दादा, तुझी तक्रार माझ्यावर नाही. आवाजावर आहे."

दादा चपापला. "हो. म्हणजे... हो, आवाजावरच."

"ठरलं तर मग. आज दिवस मावळायच्या आत आवाजाचं कारण सापडलं, तर मी दुरुस्ती करून घेईन आणि जाईन. तू ब्र काढायचा नाहीस. नाही सापडलं, तर चावी तुझ्या हातात. मग गाडी वीक, मोडीत घाल, नाहीतर तिच्यात कुंड्या ठेव."

"अगं, मला विचारलंस का?" आत्या उसळली. "माझंही जाणं टांगलंस की तू!"

"तुम्ही गप्प बसा, वन्सं. हत्तीवर विश्वास ठेवा."

दादाने क्षणभर विचार केला. ज्यापुढे तीन गॅरेजांनी हात टेकले, ते घरातल्या पाच-सहा जणांना एका दिवसात कुठून सापडणार? आयती संधी चालून आली होती. "कबूल," तो म्हणाला.

त्याची बायको खिडकीपाशी बसून कशाला तरी बटण लावत होती. तिने मान वर करून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तिचं पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायचं दुकान होतं, आणि कापड असो की नवरा, ताणून धरलेलं काही तिच्या नजरेतून सुटत नसे.

सगळ्यात आधी फितूर झाले ते जावईबापू. ठकीचा हा नवरा नाटकाच्या थिएटरात ध्वनिव्यवस्था बघायचा. दादाचं आणि त्याचं कधी वाकडं नव्हतं, पण लग्नाला इतकी वर्षं होऊनही दोघांमध्ये 'काय, कसं काय' आणि 'बरं आहे' यापलीकडे फारसं बोलणं झालेलं नव्हतं. आवाज शोधायचाय हे ऐकताच मात्र तो बाह्या सरसावून उठला.

"तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?" ठकीने दात आवळून विचारलं.

"मी आवाजाच्या बाजूने," तो म्हणाला आणि चपला शोधायला लागला.

आईने गाडी काढली. जावईबापू मागच्या सीटवर चक्क आडवा झाला, एक कान गादीला लावून आणि दुसऱ्यावर हात ठेवून. दादा पुढे बसला. कोपऱ्यावरच्या खड्ड्यांतून त्यांनी फेऱ्या मारल्या. ठक्. कुईंऽऽ. धप्प. बाजूने सायकलवरून चाललेला एक माणूस उतरून उभा राहिला आणि त्याने सहानुभूतीने मान हलवली.

"सापडला!" जावईबापू ओरडला. "सीटच्या खाली!"

दादाला वाटलं, चावी गेली हातची. पण घरी येऊन सीट उचकटली, तर खाली अप्पांचा कंगवा, वाळून खडूसारखं झालेलं एक लिंबू, एक चमचा आणि एक चष्मा सापडला.

"माझा चष्मा!" आत्या किंचाळली. "अगं, मी अप्पावर आळ घेतला होता! तूच माझ्या चष्म्यावर बसलास आणि मोडका चष्मा फेकून दिलास, असं त्याला चारचौघांत म्हणाले होते मी. महिनाभर अबोला धरला होता भावाशी!"

"त्यांना तो महिना फार सुखाचा गेला," आई म्हणाली. आत्यासकट सगळे हसले.

चष्मा सापडला, पण सीट काढूनही आवाज जागचा हलला नाही. उलट गादी नसल्यामुळे तो जास्तच मोकळा झाला. जावईबापूचा चेहरा उतरला. दादाला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचं थोडं वाईटही वाटलं.

तेवढ्यात बायको बाहेर आली. ती गाडीभोवती एकदा हिंडली, पुढच्या दारापाशी थांबली आणि दार आणि बॉडी यांच्या मधल्या फटीत तिने बोट घातलं.

"ही फट बघितलीत का? खाली माझं बोट जात नाही, वर अंगठा सहज जातो. पलीकडच्या दाराची सरळ आहे. माझ्याकडे शिवण अशी तिरकी आली, तर मी उसवून पुन्हा घालते."

"जुनी गाडी आहे, वहिनी. बिजागऱ्या झिजल्या असतील," जावईबापू म्हणाला.

"बिजागऱ्या घट्ट आहेत. दार नाही उतरलेलं. गाडीच उतरलीय, या बाजूने."

दादाला एकदम सगळं समजलं. हत्तीची घडण जुन्या पद्धतीची. खाली लोखंडी चौकट, म्हणजे चासी. चाकं आणि इंजिन तिला जोडलेलं. माणसं बसतात ती बॉडी वेगळी, त्या चौकटीवर नुसती ठेवलेली आणि जागोजागी बोल्टने आवळलेली. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून प्रत्येक बोल्टाशी मधे जाड रबर. ती रबरं झिजली की बॉडी चौकटीवर बसते, हलते, घासते, आपटते. आवाज एका जागी सापडत नाही, कारण अख्खी बॉडीच वाजत असते. अपघातातल्या गाड्यांखाली त्याने अशी रबरं कितीदा पाहिली होती. आईच्या गाडीखाली मात्र तो कधी वाकलाच नव्हता. त्याला ती दुरुस्त व्हायला नकोच होती.

"मी खाली जाऊन बघतो," तो म्हणाला. दुसरं कुणी जाण्यापेक्षा आपण गेलेलं बरं.

पुढची चाकं गाडी उंच करायच्या लोखंडी उतरणींवर चढवली, मागच्यांना विटा लावल्या. दादा जुन्या चादरीवर उताणा पडून हत्तीच्या पोटाखाली सरकला आणि त्याने बॅटरी पेटवली.

शोधावं लागलंच नाही. ड्रायव्हरच्या पायाखालच्या बोल्टाशी रबर असं नव्हतंच. बोट लावताच काळी भुकटी त्याच्या कपाळावर पडली. बोल्टाभोवतीचं लोखंड घासून घासून आरशासारखं चकाकत होतं. बाकी सगळा गंज आणि चिखल, आणि मधे ते एक लखलखीत कडं. त्यामागच्या रबराला उभी भेग. पलीकडचं चपटं होऊन बाहेर आलेलं. चासी मात्र ठणठणीत होती, कुठेही कुजलेली नव्हती. म्हणजे साधं काम. रबरं बदलली की झालं.

"काय दिसतंय रे?" वरून आईने विचारलं. तिच्या चपला त्याला दिसत होत्या, आणि त्यांच्या शेजारी आत्याचे कापडी बूट. कापडी बुटांचे चवडे अधीरपणे वर-खाली होत होते.

आज दिवसभरात कुणीही इतकं जवळ आलं नव्हतं, आणि दुसरं कुणी खाली शिरणार नव्हतं. एक शब्द, आणि घाट नाही, रात्री फोन वाजला म्हणून दचकणं नाही.

"काही नाही," दादा म्हणाला.

कापडी बूट स्थिर झाले.

तो बाहेर आला आणि सरळ मोरीत गेला. साबण लावला, धुतला, परत लावला. बायको टॉवेल घेऊन दारात उभी होती. तिने तो त्याच्या हातात दिला आणि आत निघून गेली.

जेवणाच्या टेबलावर कुणाला फारसा उत्साह नव्हता. जावईबापू अजून 'इंजिनाची बैठक बघायला हवी होती' असं काहीतरी पुटपुटत होता. आत्या भाताशी खेळत होती. ठकी आता जिंकलेल्या बाजूला होती, पण तिचंही तोंड गोड दिसत नव्हतं.

"संध्याकाळपर्यंत वेळ आहे ना अजून?" ती म्हणाली. दादाने तिच्याकडे डोळे वटारले. "नाही, म्हणजे... कबूल तसंच केलं होतं ना आपण!"

"कशाला उगाच," आई म्हणाली. "खाली काही नाही म्हणतोय ना हा. त्याला यातलं कळतं."

ती उठली, खुंटीवरची चावी काढली आणि दादाच्या ताटाशेजारी ठेवली. चिडून नाही, की डोळ्यांत पाणी आणूनही नाही. हरलेला खेळाडू हात मिळवतो तशी. "तेल भरलेलंच आहे," ती म्हणाली. "आणि विकशील तर घेणाऱ्याला सांग, सकाळी पहिल्या झटक्याला चालू होत नाही. हत्तीला जरा वेळ द्यायचा. दमदाटी केली की रुसतो." मग तिने वाढायचा चमचा उचलला. "भाजी घे अजून. आवडते ना तुला?"

दादाने घास तोंडाशी नेला. मग परत ताटात ठेवला. तिने भांडण केलं असतं तर तो उत्तर देऊ शकला असता. रडली असती तर समजूत घातली असती. पण ती दिलेल्या शब्दाला जागत होती आणि वर त्याला भाजी वाढत होती.

"सापडलाय," तो म्हणाला.

"काय?"

"आवाज. बॉडीची रबरं गेलीत. ड्रायव्हरच्या बाजूचं तर भुगा झालंय. मी खोटं बोललो."

सगळ्यात आधी आत्या बोलली. "मेल्या!" ती इतक्या आनंदाने ओरडली की शिवी होती की आशीर्वाद, ते कळलं नाही.

"दादा!" ठकीचा आवाज चढला. "मी तुझ्या बाजूने बोलत होते! आपण आईला समजवायचं ठरवलं होतं, फसवायचं नाही!" तिने खुर्ची उचलून आईच्या शेजारी नेली आणि तिथे बसली. तिच्या पक्षांतराची अशी रीतसर नोंद झाली.

"मला मोरीतच कळलं होतं," बायको म्हणाली. "एवढे हात घासलेत. म्हटलं, बघू किती वेळ टिकतंय. जेवण संपायच्या आत बोललात, हे बरं केलंत. नाहीतर संध्याकाळी मीच सांगितलं असतं."

"माझा कान तरी चुकीचा नव्हता," जावईबापू मान डोलवत म्हणाला. "खालून येतोय म्हटलं होतं मी. सीटच्या खाली. फक्त जरा जास्त खाली."

दादा आईकडे बघायचं टाळत होता. आईने चावी उचलून पदराच्या टोकाने पुसली, कारण तिला भाजीचा रस्सा लागला होता. "आधी जेव," ती म्हणाली. "रबरं कुठे पळून जात नाहीत."

दुपारी दादा आणि जावईबापू जुन्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदार अर्धं शटर ओढून आत पेपर वाचत होता. त्याने गाडीचं नाव ऐकलं, चष्म्यावरून दोघांना न्याहाळलं आणि शिडी लावून वरच्या फळीवरून धुळीने माखलेलं खोकं काढलं.

"एकच गेलंय की सगळी?"

"दोन-तीन तरी नक्की गेलीत," दादा म्हणाला.

"सगळी बदला. एकट्या नव्याला उंच बसवलंत, तर बाकीची रुसतात आणि महिन्याभरात परत याल. मला चालेल, पण तुम्ही वैतागाल."

परत आल्यावर अंगणाला गॅरेजचं रूप आलं. गंजलेल्या बोल्टांवर तेल सोडून त्यांना मुरू दिलं. एका बाजूचे बोल्ट काढायचे, दुसऱ्या बाजूचे ढिले ठेवायचे, आणि बॉडीच्या कडेखाली जाड फळी देऊन जॅकने ती अलगद उचलायची. जास्त नाही, जुनं रबर निघून नवं सरकेल इतकीच. जास्त उचलली, तर स्टिअरिंगचा दांडा आणि तारा ओढल्या जातात. त्यावर नजर ठेवायला बायकोला बॉनेटपाशी उभं केलं, आणि जॅकचा दांडा ठकीने हातात घेतला.

"ही गुडघ्यातलीच गोष्ट आहे," ती दांडा मारता मारता आत्याला सांगत होती. "दोन हाडांमधली गादी झिजली की हाडावर हाड घासतं. मग जिना चढताना कटकट वाजतं."

"माझं पण वाजतं," आत्या म्हणाली. "मलाही जॅक लाव."

"थांबा!" बायको ओरडली. "तार ताणली."

सगळे जागच्या जागी थबकले. दादाने तारेचं आकडीतलं टोक सोडवलं. "आता?"

"आता ठीक. सावकाश हं."

शेवटचा एक बोल्ट काही केल्या हलेना. दादा आणि जावईबापू गाडीखाली खांद्याला खांदा लावून पडले होते. पान्याच्या दांड्यात पाइप घालून दोघे मिळून ओढत होते.

"दादा, एक विचारू?" जावईबापूने धापा टाकत विचारलं.

"विचार."

"लग्न ठरत होतं तेव्हा तुम्ही ठकीला म्हणाला होतात, नाटकवाल्याशी करू नकोस म्हणून. खरं का?"

दादाने पाइपवर जोर लावला. "खरं."

"मग आता?"

"आता तू ओढ," दादा म्हणाला, आणि तेवढ्यात बोल्ट 'कर्र' करून सुटला. पाइप निसटून जावईबापूच्या अंगठ्यावर आदळला. त्याने जी आरोळी ठोकली ती थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेली असती. दादाला हसू आवरेना. हसता हसता त्याच्या तोंडात रबराची भुकटी गेली, तो थुंकू लागला, आणि मग अंगठा धरून बसलेला जावईबापूही हसायला लागला. दोन मोठी माणसं गाडीखाली लोळत हसतायत हे बाहेरच्यांना फक्त त्यांच्या पायांवरून कळत होतं.

सगळी रबरं बसली. बॉडी खाली सोडून बोल्ट पाळीपाळीने आवळले. रबर दबलं पाहिजे, चेंगरता कामा नये. मग बायकोने पुढचं दार लावलं. एरवी ते दोनदा आपटावं लागे. आता ते 'ठप्' असं मऊ बसलं. तिने फटीवरून वर-खाली बोट फिरवलं आणि म्हणाली, "आता शिवण सरळ आहे."

ऊन कलताना आई दादाला घेऊन एक चक्कर मारायला निघाली. "बाकीचे नकोत," ती म्हणाली. "गर्दीत ऐकू येत नाही."

पाण्याच्या टाकीमागचा रस्ता तेव्हा खोदून ठेवलेला होता. आईने मुद्दाम गाडी तिकडे घातली. चाकं खड्ड्यात उतरत होती, चढत होती, गाडी डुलत होती, पण ठक् नाही, कुईं नाही. इंजिनाची घुरघुर आणि खडीची करकर तेवढी ऐकू येत होती. दादाने कान देऊन ऐकलं, मग हळूहळू त्याचं लक्ष आईच्या हातांकडे गेलं. ती खड्डा लांबूनच हेरत होती. वळणाआधी वेग कमी करत होती, वळणात नाही. कडेला एक कुत्रं झोपलं होतं. ते उठणार हे तिला त्याच्याआधी कळलं. इतकी वर्षं तो तिच्या शेजारी बसायचा तो डोळे रस्त्यावर आणि पाय नसलेल्या ब्रेकवर ठेवून. तिला गाडी चालवताना त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

"आई, सकाळी मी..."

"कळलं मला."

"मला भीती वाटते ग. रात्री फोन वाजला की आधी तूच डोळ्यांसमोर येतेस."

आईने गाडी बाजूला घेतली, थांबवली आणि हातब्रेक ओढला. "तू रोज मोडलेल्या गाड्या बघतोस," ती म्हणाली. "पण बाळा, ज्या नीट घरी पोचतात त्या तुझ्याकडे कशाला येतील?"

दादा डॅशबोर्डवरची धूळ बोटाने पुसू लागला.

"मलाही वाटते भीती. वाटते म्हणून तर आरशात बघते. तुला वाटते ते चुकीचं नाही. पण तुझी भीती मिटावी म्हणून मी घरात बसायचं, हे बरं दिसत नाही. आणि खरं सांगू? अप्पा गेल्यावर पहिले काही महिने मी बसलेच होते. तेव्हा तुला फार शांत झोप लागायची. मला नाही लागायची."

समोरून एक ट्रक येत होता. आई तो जाईपर्यंत थांबली, आरशात पाहिलं आणि गाडी रस्त्यावर घेतली.

"घाटात उतरताना गिअर खाली ठेव," दादा म्हणाला. "नुसत्या ब्रेकवर उतरू नकोस."

"सांग ना. ऐकतेय मी," आई म्हणाली, आणि घर येईपर्यंत तो सांगत राहिला आणि ती ऐकत राहिली. त्यातलं निम्मंअधिक तिला आधीच माहीत होतं, पण तिने तसं एकदाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची तयारी झाली. सगळे रात्री तिथेच राहिले होते. आत्याने सापडलेला चष्मा नाकावर चढवला होता. त्याच्या नंबराचा आता तिला काडीचा उपयोग नव्हता, पण भावाची माफी म्हणून समुद्र यातूनच बघणार, असा तिचा हट्ट. जावईबापू पट्टी बांधलेला अंगठा उंचावून उभा होता. दादाने टायर तपासले, पाणी तपासलं, परत टायर तपासले. बायकोने त्याचा हात धरून त्याला मागे ओढला.

आईने चावी फिरवली. हत्तीने नेहमीप्रमाणे थोडा वेळ घेतला आणि मग तो जागा झाला.

"पोचल्यावर कळव," दादा म्हणाला.

"कळवते. निघते."

गाडी फाटकातून बाहेर पडली, कोपऱ्यावरच्या खड्ड्यांतून डुलत गेली आणि वळली. सगळे कान देऊन उभे होते. काहीच ऐकू आलं नाही. पूर्वी ती गाडी चौकात पोचली, बाजारात शिरली, पुलावर चढली, सगळं घरबसल्या कळायचं. आता शेजारच्या घरातून भांडी विसळल्याचा आवाज येत होता, तेवढाच.

"कुठवर गेल्या असतील?" ठकीने विचारलं.

दादाने मान लांब करून ऐकलं. "काय माहीत," तो म्हणाला. "स्वतःच्या हाताने रबरं बसवली ना मी."

"फोन लावू का?"

ठकीने फोन काढलाही होता. दादाने तिच्या हातावर हात ठेवला.

"नको," तो म्हणाला. "गाडी चालवतेय ती."